साभार परत

अर्जाच्या सातव्या रकान्यात विचारलंय :
परत करीत असलेल्या वस्तूची सद्यस्थिती.
मी पेन चावत बसलेय
आक्रामध्ये, चौथ्या मजल्यावर, जिथला एसी
मागच्याच आठवड्यात घेणेकरी काढून घेऊन गेले.

काय लिहू?
कोरी करकरीत. घडीसुद्धा मोडलेली नाही.
आठशे मेगाहर्ट्‌झमधला एक पट्टा,
कर्ज डॉलरात, कमाई सेडीत,
सेडी घसरत गेला
आणि नेसायच्या आधीच
कापड सावकाराचं झालं.

कंपनीचं नाव आगो.
आमच्याकडे दार वाजवत नाहीत,
उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हणतात : आगोऽ
आतून कुणीतरी म्हणतं : आमेऽ. म्हणजे ये.
जाहिरातवाल्यांना ते फारच आवडलं.
पिवळ्या छत्र्या निघाल्या, टोप्या निघाल्या,
टॉवर मात्र एकतीसच निघाले, तेही शहरात,
जिथल्या हवेत आधीच
पाय ठेवायला जागा नव्हती.

दोत्से काका फोन करायचा आन्लोगाहून.
कांद्याचे वाफे ओलांडून, खाजणाच्या काठी
पालथ्या होडीवर चढून.
एक दांडी मिळाली की ओरडायचा :
एसेनाम, तुमची रेंज कधी येणार गं?
येते काका, कागद झालेत.
कागद खरंच झाले होते.
त्याच्या डोक्यावरची सगळी हवा आमच्या नावावर होती,
खाजणापासून समुद्रापर्यंत,
बगळ्यांसकट म्हणा ना,
आणि तो होडीवर चढत होता.
गुडघा तिथेच गेला त्याचा.

परत देतानाही तपासून घेतात,
भाड्याचं घर सोडताना नळ उघडून बघतात तसं.
रविवारी आम्ही व्हॅनमधून निघालो,
मी, ड्रायव्हर, आणि आयोगाचे तेत्ते,
मांडीवर फाइल, फाइलवर उकडलेली अंडी.
पडद्यावर हिरवं गवत हलत होतं.
गोंगाटाच्या तळाला आमच्या धंद्यात गवतच म्हणतात.
कुणी न चरलेलं.
सोगाकोपे : गवत. आकात्सी : गवत.
काचेवर हरमातानची धूळ.
तेत्ते लिहीत होते : रिकामं. रिकामं.
शब्द तोच, अक्षर दर गावागणिक बिघडत चाललेलं.

आन्लोगात शिरताना एक काडी उभी राहिली.
बारीक, पण ताठ.
हे कोण आलं तुमच्या शेतात, तेत्ते म्हणाले,
आणि हेडफोनचा एक कान त्यांनी मला दिला.

कुणीतरी खाकरलं.
चर्चचा बिनतारी माईक. बाजारातला, स्वस्तातला.
आमच्या पट्ट्यात बोलत होता, परवाना नाही, भाडं नाही,
किती वर्षं, देव जाणे, म्हणजे देवालाच माहीत असणार.
अंत्यविधीच्या वर्गणीचे आकडे वाचले जात होते,
पन्नास सेडी, वीस सेडी, तांदळाचं एक पोतं.
मागे पोरं रडत होती, गलका वाढत होता,
तेव्हा तो माणूस थांबला, आणि म्हणाला :
आगोऽ

आणि लांबून, माईकपासून दूरच्या बाकांवरून,
पावसासारखं नाही, पत्र्यावर वाळू पडावी तसं :
आमेऽ

आवाज काकाचा नव्हता.
असता तर मी सांगितलं असतं.

तेत्ते पेन उघडून बसले.
दंड किती असतो ते त्यांनाही माहीत, मलाही.
प्रार्थना संपेपर्यंत त्यांनी काहीच लिहिलं नाही.
मग अंडं सोलत म्हणाले,
यंत्र जुनं आहे, कधीकधी असं दाखवतं.
आणि लिहिलं : रिकामं.
या वेळी अक्षर सुरेख.

चारला खिडकी बंद होते.
खाली शिपाई मोटारसायकल चालू ठेवून उभा आहे,
पेट्रोल त्याच्या खिशातलं.
सातव्या रकान्यात मी आधी लिहिलं : न वापरलेली.
मग "न" वर
पेन किती वेळ टेकून राहिलं कुणास ठाऊक,
शाई पसरली आहे.